तीन कॉर्डांची शाळा



न्यूयॉर्क शहरातल्या अठ्ठेचाळिसाव्या रस्त्यावर एके काळी वाद्यांची दुकाने ओळीने असत. १९७४ च्या जानेवारीत तिथल्या मॅनीज म्युझिक या दुकानात क्वीन्स भागातले दोन तरुण गेले. एक जॉन कमिंग्ज, बांधकामावर नळजोडणीचे काम करणारा. दुसरा त्याचा मित्र डग्लस कॉल्व्हिन. जॉनने मोसराइट बनावटीची एक स्वस्तातली गिटार घेतली, डग्लसने डॅनइलेक्ट्रोची बेस गिटार घेतली, आणि दोघे घरी आले. रीतसर संगीतशिक्षण दोघांपैकी कुणाचेच झालेले नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टात ते ‘सीबीजीबी’ नावाच्या एका गुत्त्यात लोकांपुढे वाजवू लागले. वाद्यवृंदाचे नाव ‘रामोन्स’. चौघांनी रामोन हेच आडनाव लावले, पण चौघे भाऊ मात्र नव्हेत, बरं का. १९७६ च्या एप्रिलात त्यांची पहिली लांब तबकडी निघाली. तिच्यात चौदा गाणी, आणि सगळी मिळून एकोणतीस मिनिटांची.

आता तुम्ही म्हणाल, दोन पोरांनी दोन वाद्ये विकत घेतली, यात इतिहास तो काय? मला वाटते, पुष्कळ आहे. गाणे कुणी वाजवावे, किती वर्षे शिकल्यावर वाजवावे, कुणाच्या परवानगीने वाजवावे, हा प्रश्न जगात सगळीकडे भांडणाचा आहे. आपल्याकडे पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेही याच प्रश्नाला दिलेले एक उत्तर होते. न्यूयॉर्कच्या या पोरांनी दुसरे उत्तर दिले. ते उत्तर कितपत खरे, हे आज आपण पाहणार आहोत. त्यासाठी एक गाणे प्रत्यक्ष हातात घेऊ. म्हणजे नुसत्या गप्पा व्हायच्या नाहीत.

पण त्याआधी वीस वर्षे मागे जायला हवे. इंग्लंडात १९५६ च्या आरंभी लॉनी डॉनेगन नावाच्या गवयाची एक तबकडी फार गाजली. त्या संगीताला ‘स्किफल’ म्हणत. साधी गिटार, ठेका धरायला कपडे धुण्याची पन्हळी फळी, आणि खर्जासाठी चहाची रिकामी पेटी! पेटीला झाडूचा दांडा उभा करायचा, त्याला एक दोरी ताणायची, दांडा मागे-पुढे वाकवला की दोरीचा स्वर चढतो-उतरतो. आपल्या तुणतुण्याचा लांबचा भाऊच म्हणा ना. हे वाद्य घरी, फुकटात होई. गल्लोगल्ली पोरांचे वृंद निघाले. लिव्हरपूलच्या अशाच एका शाळकरी वृंदाचे नाव ‘क्वारीमेन’, आणि त्यातूनच पुढे बीटल्स झाले. १९५७ साली बर्ट वीडनने ‘एका दिवसात वाजवा’ अशा अर्थाच्या नावाचे गिटारीचे पुस्तक काढले, तेही घरोघर गेले. एका दिवसात कुणाला काय येणार? पण नाव वाचून मूल पुस्तक उघडत होते, हे काही थोडे नाही.

म्हणजे शिकण्याची पायरी खाली आणण्याची ही खटपट रामोन्सच्या आधीचीच. तिला मोठा आधार मिळाला तो विजेचा. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर याने ‘प्रिसिजन बेस’ नावाची विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली. तोवर खर्जाचे वाद्य म्हणजे माणसाएवढा उभा बेस, गाडीच्या टपावर बांधून न्यायचा. त्याला पडदे नसत. बोट केसभर इकडे-तिकडे झाले की स्वर गेला. कान तयार व्हायला वर्षे लागत. फेंडरने बेसला गिटारीसारखे पडदे बसवले. पडद्याच्या मागे बोट दाबा, स्वर नेमका यायचाच. वाद्याच्या नावातल्या ‘प्रिसिजन’चा अर्थ तोच, नेमकेपणा.

दुसरी गोष्ट कर्कश आवाजाची. १९५८ साली लिंक रे या वादकाने ‘रंबल’ नावाची एक गत ध्वनिमुद्रित केली. आवाज फाटावा म्हणून त्याने ध्वनिवर्धकाच्या कर्ण्याला पेन्सिलीने भोके पाडली. गतीत एक शब्द नाही, तरी अमेरिकेतल्या काही नभोवाणी केंद्रांनी तिच्यावर बंदी घातली. शब्दावाचून गाण्यावर बंदी, हा प्रकार विरळाच म्हणायचा.

या फाटक्या आवाजात एक गंमत आहे. ती कळली की अर्धे पंक संगीत कळले. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन किंवा अधिक स्वर. नेहमीच्या कॉर्डात सा, ग आणि प असतात. गिटारीचे पडदे ज्या हिशेबाने बसवलेले असतात, त्यात पंचम जवळजवळ शुद्ध लागतो, पण गंधार शुद्धापेक्षा थोडा चढा असतो. साध्या गिटारीत ते खपून जाते. आवाज विजेने फाडला की मात्र हा चढेपणा गुरगुरतो आणि सगळा गाळ होतो. म्हणून वादकांनी गंधार काढूनच टाकला. उरले सा आणि प. मिरजेचा तंबोरा ज्यांनी ऐकला आहे त्यांना हे सांगायला नको की सा आणि प एकत्र वाजले की आवाज किती भरीव होतो. फाटक्या आवाजातही हे दोन स्वर एकमेकांना धरून राहतात, उलट खालच्या सप्तकातला सा आपोआप घुमल्यासारखा वाटतो. या जोडीला ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात.

आता यातून हाताची सोय कशी झाली, पहा. तर्जनी एका तारेवर, सा वर. अनामिका शेजारच्या बारीक तारेवर, दोन पडदे पुढे, तो प. हवी तर करंगळी त्यापुढच्या तारेवर, अनामिकेच्याच पडद्यावर, तो वरचा सा. झाली मूठ. गंधार नसल्याने ही कॉर्ड कोमलही नाही आणि शुद्धही नाही. त्यामुळे प्रत्येक स्वरासाठी बोटांची निराळी ठेवण शिकायचे कारणच उरत नाही. हीच मूठ दांडीवर पुढे-मागे सरकवायची. गंधार कोणता ते गाणाऱ्याचा गळा ठरवतो.

रामोन्सनी हेच केले. १९७६ च्या ४ जुलैला त्यांनी लंडनच्या राउंडहाउसमध्ये वाजवले आणि तिथल्या पोरांनी ते डोळे भरून पाहिले. १९७७ च्या आरंभी ‘साइडबर्न्स’ नावाच्या घरगुती छपाईच्या एका छोट्या अंकात एक चित्र आले. चित्रात गिटारीच्या दांडीचे तीन तुकडे आणि बोटांचे ठिपके आहेत. ए, ई आणि जी या तीन कॉर्ड दाखवल्या आहेत, आणि खाली वाचकाला सांगितले आहे की आता वाद्यवृंद काढा. मजकूर एवढाच. संगीताच्या इतिहासात इतके आखूड पाठ्यपुस्तक दुसरे मला ठाऊक नाही.

पंकला पुढे गोड चालीची जोड मिळाली, तेव्हा त्याला पॉप-पंक म्हणू लागले. वेग आणि करकर पंकची, पण चाल अशी की दळण दळताना गुणगुणावी. त्याचे फार लोकांपर्यंत गेलेले उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातला ‘ग्रीन डे’ हा तिघांचा वृंद. त्यांची ‘डूकी’ ही तबकडी १९९४ च्या १ फेब्रुवारीला निघाली आणि १९९९ पर्यंत एकट्या अमेरिकेत तिच्या एक कोटी प्रतींची नोंद झाली. त्यातले ‘व्हेन आय कम अराउंड’ हे गाणे शिकाऊ मुले आजही आधी घेतात. का, ते सांगतो.

त्याचा मूळ फेरा चार स्वरांचा आहे. पेटी पुढे ओढा आणि वाजवा: सा, प, ध, म. पुन्हा सा, प, ध, म. दोन-दोन मात्रांचा एक स्वर, आठ मात्रांत आवर्तन पुरे. आपला भजनी ठेकाही आठ मात्रांचा, तेव्हा मोजायला अडचण नाही. (एवढ्यावरून दोहोंचे नाते जुळवू नका म्हणजे झाले.) गिटारीवर जाड तारेचा तिसरा पडदा म्हणजे सा. शेजारच्या तारेचा पाचवा पडदा प, त्याच तारेवर सातवा ध, तिथेच मागे तिसऱ्यावर म. मूठ सगळीकडे एकच. गाण्याच्या मधल्या भागात फेरा बदलतो आणि रे व म असे दोनच स्वर आलटून-पालटून येतात. रे म्हणजे जाड तारेचा पाचवा पडदा. संपले! डाव्या हाताला एवढेच शिकायचे आहे. पोरगे हुशार असेल तर एका संध्याकाळी त्याला जागा सापडतात.

आणि इथेच पहिली फजिती होते. मूल तबकडी लावते, बरोबर वाजवू लागते, आणि काही केल्या सूर जुळत नाही. कारण त्या ध्वनिमुद्रणात सगळ्या तारा नेहमीपेक्षा अर्ध्या स्वराने उतरवलेल्या आहेत. खुंट्या सैल करून वाद्य उतरवून घ्यावे लागते. गवयाच्या गळ्याप्रमाणे तंबोरा उतरवतात, तशातलाच प्रकार.

दुसरी अडचण जरा मोठी, आणि ती उजव्या हाताची आहे. या गाण्यात कॉर्ड नुसती छेडून भागत नाही. तळहाताची कड तारांच्या बुडाशी अलगद टेकवून आवाज दाबायचा, मग मधूनच हात उचलून आवाज मोकळा सोडायचा. काही कॉर्ड ठोक्यावर पडतात, काही ठोक्याच्या किंचित आधी. गाण्याचा डौल सगळा त्या ‘किंचित आधी’त आहे. लय मिनिटाला अठ्ठ्याण्णव ठोक्यांच्या आसपास, म्हणजे पंकच्या मानाने सावकाश. मी म्हणेन, आधी साठवर वाजवावे. तिथे डौल आला तर वर चढावे. आठ दिवस नुसता उजवा हात, तोही सगळ्या तारा दाबून धरून, स्वर न काढता. कंटाळवाणे आहे, पण पखवाजाचे बोल बसवणारा कोणी हे ऐकत असेल तर तो मान डोलवील.

रामोन्समधला जॉनी, तोच नळजोडणी करणारा जॉन, नखीचे सगळे आघात वरून खालीच मारी. खाली-वर असे मारले तर श्रम निम्मे होतात. पण वरून खाली मारलेल्या प्रत्येक आघाताला सारखे वजन येते, म्हणून त्याने सोपी वाट घेतली नाही. मिनिटाला दीडशेहून अधिक ठोक्यांची लय, दर ठोक्याला दोन आघात, म्हणजे मिनिटाला तीनशेच्या वर. हे एकामागून एक, सबंध मैफलभर. तुम्ही बसल्या जागी मांडीवर एक मिनिट करून पहा, मनगट सांगेल. तीन कॉर्डांत सगळे आले असे म्हणणाऱ्यांनी हा रियाज पाहिलेला नसतो. डाव्या हाताला दिलेली सूट उजव्या हाताकडून वसूल केलेली आहे.

बेस गिटारीकडे वळू. वृंदात बेस कुणाकडे द्यायचा? ज्याला गिटार येत नाही त्याच्याकडे, असा एक समज आहे. चार तारा, एका वेळी एकच स्वर, म्हणून सोपे. नकाशाही तोच, कारण बेसच्या चार तारा गिटारीच्या चार जाड तारांच्या एक सप्तक खाली लावलेल्या असतात. तोच तिसरा पडदा, तोच पाचवा, सातवा, तिसरा. तेव्हा आमच्या गाण्याचे मूळ स्वर बेसवरही त्याच संध्याकाळी सापडतात. तारा जाड, पडदे लांब-लांब, पहिले काही दिवस बोटे दुखतात, एवढेच.

पण हे वाद्य गरीब दिसते तेवढे गरीब नाही. एक प्रयोग करा. पेटीवर उजव्या हाताने सा आणि प धरा. डाव्या हाताने खालचा सा वाजवा, ऐका. आता वरचे दोन स्वर तसेच धरून खाली सा ऐवजी ध वाजवा. वरचे काही बदललेले नाही, तरी सगळ्याचा भाव बदलला! उजेडात उभे होतो ते सावलीत आलो असे वाटते. गिटारीने गंधार टाकून जी जागा मोकळी सोडली, तिचा अर्थ पुष्कळ अंशी बेस ठरवतो. आणि ड्रमचा पायाने वाजणारा ठोका व बेसचा स्वर एका क्षणी पडले नाहीत, तर गिटार कितीही चांगली वाजो, गाणे लंगडते.

ग्रीन डेचा बेसवादक माइक डर्न्ट आधी गिटारच वाजवी. १९८८ च्या सुमारास त्यांचा पहिला बेसवादक सोडून गेला म्हणून त्याने बेस उचलला. या गाण्यात तो सा, प, ध, म एवढ्यावर थांबत नाही. पुढचा स्वर गाठण्याआधी मधल्या स्वरांवरून चालत जातो. गिटार एका जागी ठोकत असते आणि खाली बेस पावले टाकत असतो. शिकणाऱ्याने आधी मूळ स्वर महिनाभर पक्के वाजवावेत आणि मगच त्या पावलांच्या नादी लागावे. उलट करणारी मुले मधले स्वर छान वाजवतात आणि मुक्कामाला उशिरा पोचतात.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. लंडनच्या ‘सेक्स पिस्टल्स’ वृंदात १९७७ च्या फेब्रुवारीत सिड व्हिशस हा तरुण बेसवादक म्हणून आला. रामोन्सची तबकडी लावून तो बेस शिकला असे सांगतात. दिसायला, वागायला तो पंकचा पुतळाच होता. त्याच वर्षी त्या वृंदाची गाजलेली तबकडी निघाली, पण तिच्यातला बहुतेक बेस गिटारवादक स्टीव्ह जोन्स याने वाजवला आहे. सिड आजारी होता, आणि त्याचा हातही तेवढा तयार नव्हता. अंगात जाकीट पंकचे असले तरी ध्वनिमुद्रणाच्या यंत्राला ते दिसत नाही.

आणि ग्रीन डेचा गायक-गिटारवादक बिली जो आर्मस्ट्राँग? तो तर गुरूवाचून शिकलेल्यांपैकी, असा समज व्हायचा. तसे नाही. १९७२ साली जन्मलेला हा मुलगा रोडिओ नावाच्या छोट्या गावात वाढला. वडील मालमोटार चालवीत आणि जाझ वाजवीत. १९८२ साली ते कर्करोगाने वारले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा. आई उपाहारगृहात वाढपाचे काम करी. तिने त्याला एक निळी गिटार घेऊन दिली. ती आली होती जॉर्ज कोल या शिक्षकाकडून, आणि कोलनी त्याला कित्येक वर्षे शिकवले. पुढे ही निळी गिटार डागडुजी करकरून तो जगभर वाजवीत राहिला. शिक्षकमंडळींनी हे मुद्दाम ध्यानात ठेवावे. शिक्षक नको असे पंक कधी म्हणत नव्हते. शिकून पुरे होईपर्यंत मंचावर यायचे नाही, एवढीच अट त्यांनी नाकारली. मी स्वतः या बाबतीत त्यांच्या बाजूचा आहे. सहा महिने नुसते अलंकार घोटून पेटी बंद केलेली मुले किती, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

त्या मुलांना मंचही तसाच मिळाला. बर्कली शहरात ९२४, गिलमन स्ट्रीट या पत्त्यावर १९८६ च्या ३१ डिसेंबरला एक जागा सुरू झाली. काम पाहणारे सगळे स्वयंसेवक, दारूला मज्जाव, वयाची अट नाही. पंधरा-सोळा वर्षांची पोरे तिथे येत, कच्चे-पक्के वाजवीत, ऐकणारेही त्यांच्याच वयाचे. ग्रीन डे तिथेच तयार झाले. १९९३ साली त्यांनी एका मोठ्या कंपनीशी करार केला, तेव्हा त्याच गिलमनने त्यांना दार बंद केले. मोठ्या कंपनीच्या वृंदांना तिथे जागा नाही, हा नियम होता. दार पुन्हा उघडले ते २०१५ साली.

लिपीबद्दल दोन शब्द. तारेची रेघ काढून तिच्यावर पडद्याचा आकडा मांडायचा, याला टॅब म्हणतात. पद्धत जुनी आहे. व्हेनिसला पेत्रुची याने १५०७ साली ल्यूट नावाच्या वाद्याच्या गती अशाच लिपीत छापल्या. आज कोणत्याही पॉप-पंक गाण्याचा टॅब भ्रमणध्वनीवर घरबसल्या मिळतो. पंडित भातखंड्यांनी चिजा स्वरलिपीत छापल्या तेव्हा जी शंका काढली गेली, तीच इथेही निघते: कागदावरून गाणे येते काय? जागा येतात. बोट कुठे ठेवायचे ते आकडा बिनचूक सांगतो. आघात किती वजनाचा आणि ठोक्याच्या किती आधी, हे त्यात बहुधा नसतेच. ते ऐकूनच घ्यावे लागते, आणि शेजारी दुसरा वाजवणारा असला तर लवकर येते. तेव्हा एकाच घरात दोन भावंडे असतील, तर एकाला गिटार आणि दुसऱ्याला बेस द्यावा. तिसरे पोर पाटावर ठोका धरील.

ग्रीन डेच्या मैफलींत अनेक वर्षे एक रिवाज दिसत आला आहे. गिलमनच्याच काळातल्या ‘ऑपरेशन आयव्ही’ या वृंदाचे ‘नॉलेज’ नावाचे मोजक्या कॉर्डांचे एक गाणे ते मध्येच घेतात. बिली जो गर्दीकडे पाहतो आणि गिटार वाजवता येणारे कोण आहे, असे विचारतो. शेकडो हात वर होतात. त्यातल्या एका मुलाला किंवा मुलीला तो वर घेतो, कॉर्ड सांगतो, गिटार त्याच्या गळ्यात अडकवतो. काही दौऱ्यांत बेस आणि ड्रमही असेच समोरच्यांच्या हाती दिले गेले. हजारो लोकांपुढे ते पोर वाजवते. बेस आणि ड्रम त्याला सांभाळून घेतात, एखादी कॉर्ड चुकली तरी फेरा पुन्हा सा वर येतोच. गाणे संपते. पुष्कळदा गिटार परत मागत नाहीत. पोर ती गळ्यात तशीच घेऊन पायऱ्या उतरते.